‘लवकरच येत आहे’



एखाद्या गृहस्थास त्याचा छंद कोणता असें विचारलें, तर तो वाचन म्हणून सांगतो, चित्रपट पाहणें म्हणून सांगतो, फार तर बागकाम म्हणून सांगतो. मला हा प्रश्न विचारणारा माझें उत्तर ऐकून थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहतो. माझा छंद वाट पाहण्याचा आहे. जें पुस्तक अद्याप छापखान्यांत आहे आणि जो बोलपट अद्याप पडद्यावर आलेला नाहीं, त्यांच्याविषयीं माझ्या मनांत जो उल्हास असतो, तो हातीं पडलेल्या पुस्तकाविषयीं आणि पाहून झालेल्या बोलपटाविषयीं पुष्कळ वेळां टिकत नाहीं. मासिक आलें कीं मी प्रथम कथा उघडीत नाहीं, संपादकीय तर नाहींच नाहीं. मलपृष्ठाच्या आंतल्या बाजूस जेथें ‘आगामी’ म्हणून चार नांवें बारीक टायपांत छापलेलीं असतात, तेथें माझी नजर आधीं जाते. आमच्या घरीं या गोष्टीची थट्टा होते. ‘ह्यांना जेवणापेक्षां फोडणीचा वास अधिक आवडतो,’ असें माझी पत्नी म्हणते, आणि तिचें म्हणणें सर्वस्वी खोटें आहे असें मला म्हणतां येत नाहीं.

मी राहतों तें गांव शिरूर कासार. बीड जिल्ह्यांत, सिंदफणा नदीच्या कांठीं. शिरूर नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत एकाहून अधिक आहेत. पुणें जिल्ह्यांत घोडनदीचें शिरूर आहे, लातूर जिल्ह्यांत शिरूर ताजबंद आहे, शिरूर अनंतपाळ आहे. आमच्या शिरुरानें गर्दींत आपली ओळख पटावी म्हणून नांवापुढें कासार जोडून घेतला आहे. हा कासार मीं तरुणपणीं एकदां पत्त्यांतून गाळला आणि त्याचें प्रायश्चित्त भोगलें. पुण्याच्या एका ग्रंथविक्रेत्याकडे पैसे पाठवून मीं एक कादंबरी मागविली होती, आणि पत्ता लिहितांना घाईनें नुसतें ‘शिरूर’ लिहून मोकळा झालों होतों. तें पुडकें घोडनदीस गेलें, तेथें कांहीं दिवस पाहुणचार घेऊन पुण्यास परतलें आणि दीड महिन्यानें माझ्या दारीं आलें. त्या दीड महिन्यांत मीं त्या कादंबरीचें कथानक मनाशीं तीन वेळां रचलें होतें. मूळ कथानक त्या तिहींहून सरस निघालें हें सांगितलें पाहिजे, नाहीं तर लेखकावर अन्याय होईल.

परंतु आमच्या भागांत वाट पाहण्याचें खरें शिक्षण पुस्तकांकडून मिळत नाहीं, तें पावसाकडून मिळतें. सह्याद्रीनें मेघांचा मोठा वांटा अडवून घेतल्यावर जो उरतो तो आमच्याकडे यावयाचा. मृगांत आभाळ भरून येतें, वारा सुटतो, माणसें अंगणांत येऊन उभीं राहतात आणि ढग पुढच्या गांवाला निघून जातात. ‘लवकरच येत आहे’ हे शब्द सिनेमाच्या भिंतीपत्रकावर वाचण्यापूर्वीं आम्हीं ते पंचांगांत वाचलेले असतात.

वडिलांच्या तरुणपणीं तर पुस्तकाची वाट पाहणें म्हणजे सरहद्दीकडे डोळे लावून बसणें होतें. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आमचा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. राज्यकारभार उर्दूंत चाले, उस्मानिया विद्यापीठांतलें शिक्षणही उर्दूंत चाले. नवें मराठी पुस्तक यावयाचें तें पुण्यामुंबईहून. पश्चिमेकडे थोडें गेलें कीं नगर जिल्हा लागे, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. पाथर्डीच्या बाजारास गेलेला माणूस मीठमिरचीबरोबर एखादें पुस्तक घेऊन येई आणि तें पुस्तक शिवण उसवून सुटें होईपर्यंत गांवांत फिरे. वडील सांगत कीं एक कादंबरी त्यांनीं उत्तरार्धापासून वाचली, कारण पूर्वार्ध दुसऱ्या आळींत अडकला होता. नायिका अखेरीस सुखी होणार हें ठाऊक असूनही, तिच्यावर संकटें कशीं आलीं तें कळावें म्हणून त्यांनीं सगळा पावसाळा वाट पाहिली.

वडिलांचीच आणखी एक आठवण सांगतों. १९३६ सालीं प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ निघाला. दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेलें हें चित्र मुंबईस वर्षाहून अधिक काळ चाललें आणि पुढच्या वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला, हें पुष्कळांस ठाऊक असेल. वडिलांनीं तें नगरास जाऊन पाहिलें आणि गांवीं परत आल्यावर ओट्यावर बसून लोकांना सांगितलें. एकदां नव्हे, कित्येक वर्षें सांगितलें. मी शाळेंत जाऊं लागलों तरी त्यांचें सांगणें चालूच होतें. विष्णुपंत पागनिसांचा तुकोबा कसा डोळे मिटतो, गौरीबाईंची आवली म्हशीवर कशी खेंकसते, अखेरीस विमान कसें उतरतें, हें सगळें मला तोंडपाठ होतें. पुढें पुष्कळ वर्षांनीं तें चित्र मीं दूरदर्शनवर पाहिलें, तेव्हां माझी थोडी निराशा झाली. चित्र उत्तम आहे, त्यांत शंका नाहीं. परंतु वडिलांचें विमान त्याहून मोठें होतें.

मी स्वतः पाहिलेला पहिला सिनेमा जत्रेंतल्या तंबूंतला. एखाद्या दुपारीं मालमोटार येई. खांब, कनाती, दोरखंड, यंत्राची पेटी असें सामान मैदानांत उतरे आणि आम्हां मुलांची भूक तहान हरपे. मग एक गाडी कर्णा लावून आळीआळीनें फिरे आणि तींतून गुलाबी, हिरवीं, पिवळीं हस्तपत्रकें उडत. तीं गोळा करण्यासाठीं आम्ही गाडीमागें धांवत असूं. तिकिटाचे पैसे सर्वांकडे नसत, पण हस्तपत्रक सर्वांस मिळे. आणि ज्याला आंत जावयाचें नसे तोही त्या चार बोटांच्या कागदावरून आपला सिनेमा मनांत पाहून घेई. तंबूंत यंत्र एकच असे, त्यामुळें रीळ बदलतांना दिवे लागत. त्या अवकाशांत कांचेवर हातानें लिहिलेली पट्टी पडद्यावर येई: उद्यां अमुक, परवां तमुक, लवकरच येत आहे अमुक तमुक. चालू सिनेमापेक्षां ती पट्टी मला अधिक गोड वाटे. माझ्या छंदाचा उगम तेथला आहे.

अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ सालीं आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरांत तो १३१ आठवडे चालला. तोच आमच्या तंबूंत सहासात वर्षांनीं आला आणि दोन रात्रीं राहिला. हस्तपत्रकावर मात्र ‘अगदीं नवें चित्र’ असें छापलेलें होतें, आणि आम्हांला त्यांत लबाडी दिसली नाहीं. जें आपल्यापर्यंत आज आलें तें आपल्यापुरतें आजचें. गांवाच्या कालगणनेंत हा नियम सगळीकडे लागू आहे. हे तंबू पुढें विरळ झाले. दूरदर्शन घरांत आलें, फितीच्या जागीं संगणकाची तबकडी आली आणि जुनीं यंत्रें मोडींत निघालीं. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनीं महाराष्ट्रांतल्या या फिरत्या सिनेमांबरोबर वर्षानुवर्षें हिंडून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नांवाचा अनुबोधपट केला आणि तो २०१६ सालीं कान येथील महोत्सवांत दाखविण्यांत आला. आमच्या धुळींतला तंबू फ्रान्सच्या समुद्रकांठीं जाऊन आला म्हणावयाचा.

लोकांना वाट पाहावयास लावण्याची कला आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांइतकी जुनी आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ निवडक मंडळींना २१ एप्रिल १९१३ रोजीं दाखविण्यांत आला आणि ३ मे रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत तो सर्वांसाठीं लागला. त्या काळचा प्रेक्षक सहासहा तास चालणाऱ्या नाटकांना सरावलेला. तासाभराच्या मुक्या चित्राला पैसे मोजणें त्याच्या जिवावर येई. तेव्हां फाळक्यांनीं जाहिरातींत त्याला हिशेबच करून दाखविला: सत्तावन हजार छायाचित्रें, दोन मैल लांबीचें चित्र, आणि हें सर्व अवघ्या तीन आण्यांत. मी पेशानें शिक्षक, त्यामुळें हा हिशेब वहींत मांडून पाहिल्यावांचून मला राहवलें नाहीं. फितीच्या एका फुटांत सोळा छायाचित्रें बसतात. त्या मानानें सत्तावन हजारांची लांबी साडेतीन हजार फुटांच्या आसपास भरते. एक मैल म्हणजे ५२८० फूट. म्हणजे चित्र दोन मैल तर सोडाच, एक मैलही भरत नव्हतें. माझ्या विद्यार्थ्यानें असें उत्तर काढलें असतें तर मीं त्याला शून्य दिलें असतें. फाळक्यांना मात्र मी पैकीच्या पैकी देतों. येणाऱ्या वस्तूची लांबी नेहमींच थोडी अधिक असते.

पुस्तकांच्या जगांत हेंच काम नियतकालिकांनीं केलें. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक काढलें आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांतून क्रमशः दिली. यमूचें पुढें काय होणार या चिंतेंत तेव्हांच्या कितीतरी वाचकांनीं आठवडे मोजले असतील. १९०९ सालीं का. र. मित्र यांनीं ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळाच्या ताटांत एक पदार्थ कायमचा वाढला. दिवाळी अंकांच्या जाहिराती येऊं लागल्या कीं मी एक यादी करतों. यादींतले सगळे अंक कधींच घेणें होत नाहीं; परंतु यादी करण्यास पैसे पडत नाहींत.

वाट पाहण्यांत फसगतही होते, ती लपवून ठेवणें बरें नव्हे. एका प्रकाशकानें, त्याचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, एका बहुखंडी ग्रंथाची प्रकाशनपूर्व सवलतीची योजना काढली होती. मीं पगारांतून पैसे बाजूला काढून मनिऑर्डर केली. पावती आली, पाठोपाठ आभाराचें पत्र आलें, आणखी कांहीं महिन्यांनीं काम प्रगतिपथावर असल्याचें कार्ड आलें. ग्रंथ आला नाहीं. या गोष्टीला तीसएक वर्षें झालीं. पावती मीं जपून ठेविली आहे, आणि खरें सांगावयाचें तर माझ्या संग्रहांतल्या कोणत्याही ग्रंथाविषयीं मला त्या न आलेल्या ग्रंथाइतकें कुतूहल नाहीं.

याच्या उलट एक प्रकार भालचंद्र नेमाड्यांच्या ‘हिंदू’चा. ‘कोसला’ १९६३ सालचा. ‘हिंदू’ येणार, येणार असें आम्ही कित्येक वर्षें ऐकत होतों. शिक्षकांच्या संमेलनांत कोणी ना कोणी सांगे कीं लिहून होत आलें आहे. शेवटीं २०१० सालीं तें पुस्तक आलें. एवढ्या वर्षांत माझ्या मनांत जें ‘हिंदू’ तयार झालें होतें त्याचा आणि त्या जाड पुस्तकाचा मेळ बसावयास मला चांगलें वर्ष लागलें. पहिल्या वाचनांत मी रागावलों, दुसऱ्यांत निवळलों. आतां तें माझ्या उशाशीं असतें. ज्याची फार वाट पाहिली तें पुस्तक प्रथम भेटीला परकें वाटलें तर त्याला दोष देऊं नये, थोडे दिवस घरांत राहूं द्यावें, इतका अनुभव मला त्यानें दिला. आपण वाचलेल्या पुस्तकाचा चित्रपट निघतो आहे अशी वार्ता आली म्हणजे मात्र माझी स्थिति कठीण होते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची आणि अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५ सालचा. माझ्यासारख्या वस्तीशाळेपासून आरंभ केलेल्या मास्तराला त्या कादंबरींतला तरुण मास्तर म्हणजे घरचा माणूस. त्याला दुसऱ्या कोणाचा चेहरा लाभणार या कल्पनेनें मी बेचैन झालों होतों. चित्रपट पाहिला, आवडला. पण पुस्तक पुन्हां उघडलें तेव्हां त्यांतल्या मास्तराचा चेहरा पूर्वींचाच होता, हें पाहून अधिक बरें वाटलें.

आतां मी ज्या गोष्टीसाठीं हें सारें बोलत आलों ती सांगतों. तींत माझी बाजू फारशी शोभणारी नाहीं.

नोकरींतून निवृत्त झाल्यावर मी एका लहानशा वाचनालयाचें काम पाहूं लागलों. महाराष्ट्रांत १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. आमचें वाचनालय ‘ड’ वर्गांतलें, म्हणजे अगदीं मागच्या बांकावर बसणारें. अनुदान बेताचें, त्यांतून काय घ्यावें यावर दरवर्षीं समितींत वाद होई. तरुण मंडळींना स्पर्धा परीक्षांचीं पुस्तकें पाहिजे असत, मला नवी कादंबरी पाहिजे असे. त्यांच्यापुढें नोकरीचा प्रश्न होता, माझ्यापुढें दुपार कशी घालवावी हा; त्यामुळें वादांत मीच माघार घेत असें आणि तें योग्यच होतें. तरी मुलांच्या कपाटाला हात लावूं द्यावयाचा नाहीं, एवढा हट्ट मीं धरला होता.

त्या कपाटाची एक गिऱ्हाईक आठवींतली मुलगी होती. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. आमच्या जिल्ह्यांतून दरसाल लाखांनीं माणसें या कामासाठीं बाहेर पडतात हें आपणांस ठाऊक आहे. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रांत नाहीं तर कर्नाटकांत कारखान्यावर जावयाचें, पाचटाच्या कोपींत राहावयाचें आणि चैत्राच्या सुमारास परतावयाचें. नवराबायको मिळून एक कोयता अशी तेथली मोजणी आहे. मुलांसाठीं हंगामी वसतिगृहें असतात. ज्यांच्या घरीं आजी असते तीं आजीपाशीं राहतात. ही मुलगी आजीपाशीं राही आणि रोज सायंकाळीं वाचनालयांत येई. तिला भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचें वेड लागलें होतें. हा फुरसुंगीचा बनेश फेणे, अंगानें काडी, सायकलीवर स्वार, ‘ट्टॉक्’ करून संकटांत उडी घेणारा. त्याचीं जेवढीं पुस्तकें आमच्याकडे होतीं तेवढीं तिनें वाचलीं आणि मग पुन्हां पहिल्यापासून आरंभ केला. तिच्या घरीं सायकल नव्हती. ‘मला शिकवा’ म्हणून ती वर्गांतल्या मुलांच्या मागें लागे, तें पुढें मला कळलें.

२०१७ सालीं फेणेवर चित्रपट निघत असल्याची वार्ता आली. मीं वर्तमानपत्रांतलें कात्रण फळ्यावर चिकटविलें. चित्रपट २७ ऑक्टोबरला लागणार होता. मीं ठरविलें कीं पांचदहा मुलांना एस्.टी.नें बीडास नेऊन तो दाखवावा, आणि फळ्यावरच नांवांची यादी केली. पहिलें नांव तिचें होतें. दोन महिने ती मुलगी रोज त्या कात्रणापुढें उभी राही. त्यांत वाचावयाचें नवें कांहींच नव्हतें, सहा ओळी होत्या. परंतु ती कां उभी राहते हें माझ्याइतकें दुसऱ्या कोणाला कळलें असतें? त्या वर्षीं लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला आणि भाऊबीज २१ ला होती. दिवाळीपूर्वीं तिची आजी अंथरुणाला खिळली, तिला लेकीकडे नेलें. घरांत धाकटा भाऊ अंगावर पिणारा. आई फडांत गेल्यावर त्याला कोण संभाळणार? मुलीला बरोबर नेण्याचें ठरलें. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं टोळीची गाडी निघणार होती.

आदल्या सायंकाळीं ती वाचनालयांत आली. तिच्या हातांत फेणेचीं दोन पुस्तकें होतीं.

‘सर, हे दोन घेऊन जाऊ का संगं? हंगाम झाला की आणून देते.’

आमचा नियम चौदा दिवसांचा होता. पुस्तकें सहा महिने बाहेर ठेवण्याची सोय नव्हती, आणि समितीला हिशेब द्यावा लागे. मीं म्हटलें, ‘बाळ, नियम आहे. आलीस की वाच, कुठं जात नाहीत ती.’

तिनें हट्ट केला नाहीं. तीं दोन पुस्तकें तिनें कपाटांत आपल्या जागीं, क्रमांक पाहून, नीट लावून ठेविलीं. नंतर फळ्यावरच्या यादींतलें आपलें नांव बोटानें पुसलें आणि ती गेली.

मी अकरा मुलांना घेऊन बीडास गेलों. आदित्य सरपोतदारांचा हा चित्रपट आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. त्यांत फेणे मोठा झाला आहे, अमेय वाघ यांनीं तें काम केलें आहे, आणि स्वतः भा. रा. भागवतच एक पात्र होऊन येतात, तें दिलीप प्रभावळकरांनीं रंगविलें आहे. लेखकानें आपल्या नायकाला घरीं ठेवून घ्यावें ही कल्पना मला फार आवडली. मुलें तर जागच्या जागीं उड्या मारीत होतीं. मी मात्र चित्रपट पाहतां पाहतां त्याची टांचणें करीत होतों. ती परत आली म्हणजे तिला सांगावयाचा होता ना! वडिलांनीं तुकाराम सांगितला तसा सांगावा, एखादा प्रसंग आणखी रंगवावा, असें माझें चाललें होतें. नियमावर बोट ठेवणाऱ्या माणसाची ही भरपाई होती.

एप्रिलांत ती आली. उन्हानें काळवंडली होती, बोटांवर पाचटाचे चरे होते. मीं तिला बसविलें आणि आरंभ केला, ‘अगं, तो सिनेमा...’

तिनें दोन्ही हातांनीं कान झांकले. ‘नका सांगू, सर! मला बघायचाय तो.’

मी थांबलों. सहा महिने त्या मुलीनें कोपींत, धुरांत, धाकट्या भावाला कडेवर घेऊन तो चित्रपट आपल्यासाठीं राखून ठेविला होता, आणि मी तो सांगून संपवावयास निघालों होतों.

त्या वर्षींच्या समितीच्या सभेंत मीं नियम बदलण्याचा ठराव मांडला. हंगामाला जाणाऱ्या मुलांना दिवाळीपूर्वीं प्रत्येकीं तीन पुस्तकें अनामत न घेतां द्यावींत आणि तीं अक्षय तृतीयेपर्यंत परत घ्यावींत, असा तो ठराव. विरोध झाला. एक सभासद म्हणाले, ‘गुरुजी, पुस्तकें गेलीं म्हणजे गेलीं.’ ते अगदींच चुकले नाहींत. पहिल्या वर्षीं चोवीस पुस्तकें गेलीं त्यांतलीं दोन आलीं नाहींत. त्यांची किंमत मीं भरली आणि पुढच्या सभेंत ठराव कायम झाला. परत आलेल्या पुस्तकांचें रूप पाहण्यासारखें असतें. कडा चुलीच्या धुरानें काळ्या, एखाद्या पानावर उसाच्या रसाचा चिकट डाग, आणि खुणेसाठीं घातलेलें पाचटाचें पातें. समितीनें पुस्तकांना प्लॅस्टिकचीं वेष्टनें घालण्याचें ठरविलें आहे. पाचटाचीं पातीं मात्र मी काढून टाकीत नाहीं.

ती मुलगी पुढच्या हंगामांत वसतिगृहांत राहिली, दहावी झाली आणि बीडास शिकावयास गेली. चित्रपट तिनें पाहिला तो शेवटीं एका मोबाइलवर, चार मुलींनीं डोक्याला डोकें लावून. कसा वाटला म्हणून मीं विचारलें. थोडा विचार करून ती म्हणाली, ‘चांगला आहे सर. पण पुस्तकातला फेणे लई बारीक होता.’ तिच्या मनांतला चेहरा पुसला गेला नव्हता तर! मला ‘बनगरवाडी’च्या मास्तराची आठवण झाली, पण मीं तें बोलून दाखविलें नाहीं.

अलीकडे चैत्र लागला कीं मी वाचनालयाचें दार सायंकाळीं थोडें उशिरानें लावतों. टोळ्यांच्या गाड्या बहुधा रात्रीं येतात. गेल्या हंगामाच्या अखेरीस एक मुलगा, घरचें सामान गाडींतून उतरण्यापूर्वींच, सदऱ्यांत पुस्तक घेऊन धांवत आला. त्याला पुढचा भाग पाहिजे होता. तो दुसऱ्या एका टोळीबरोबर गेलेला होता आणि ती टोळी अद्याप परतावयाची होती. मीं त्याला वही उघडून दाखविली. कोणती टोळी, कोणता कारखाना, हें त्यानें ओळीवर बोट ठेवून दोनदां वाचलें, आणि ‘मंग उद्या येतो’ असें म्हणून तो गेला. दुसऱ्या दिवशीं तो आला. तिसऱ्या दिवशींही आला.